आपले छप्पर आपल्या पाठीवर



लेणी पाहायला जायचे म्हटले की आपल्या घरांतून पहिला प्रश्न निघतो तो भाड्याचा नसतो. रात्री राहायचे कुठे, हा तो प्रश्न असतो. पुरुषमंडळी एस.टी. स्टँडच्या बाकावर कशीबशी रात्र काढतात. पण बरोबर आई-बहिणी आणि कॉलेजात जाणाऱ्या मुली असल्या म्हणजे बेत तेथेच अडतो. लॉजचे भाडे परवडत नाही, परक्या गावात कोणाच्या ओटीवर जागा मागायची तर आधी नाव, मग गाव आणि मग हळूच आडनाव विचारले जाते. पुढे काय होते, ते या साप्ताहिकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

आमच्या विहारातील बारा जणांनी यावर एक उपाय केला. चार हलके तंबू घेतले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, आश्विन पौर्णिमेनंतरच्या शनिवारी, नाणेघाट चढून जुन्नरची लेणी पाहून आलो. तंबू कसा निवडला, त्यात काय चुकले आणि त्या सहलीने आम्हाला काय शिकवले, ते सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहोत.

ओटी नाकारली ती रात्र

या बेताचे मूळ जुन्या एका रात्रीत आहे. सुमारे बारा वर्षांपूर्वी आम्ही पाच जण दुसऱ्या एका जिल्ह्यात लेणी पाहण्यासाठी गेलो होतो. उतरायला उशीर झाला आणि शेवटची गाडी चुकली. गावात एका सद्‌गृहस्थांनी चहा दिला, ओटी झाडून घेतली, सतरंजीही आणली. मग बोलता बोलता विचारणा सुरू झाली. आमच्यातील एकाने सरळ सांगितले. सतरंजी अंथरलेलीच राहिली आणि ते गृहस्थ म्हणाले, "पाहुणे यायचेत हो घरी, ध्यानातच नव्हतं." ती रात्र आम्ही निवारा शेडमध्ये काढली. कोणी काही बोलले नाही. आमचे फिटर काका, जे तेव्हा कारखान्यात नोकरीला होते, तेवढे पहाटे म्हणाले, "पुढच्या वेळी आपलं छप्पर आपणच आणू."

परमपूज्य बाबासाहेबांनी बडोद्यात जे सोसले त्यापुढे आमचे दुःख काहीच नव्हे. अमेरिका आणि इंग्लंड येथे उच्च शिक्षण घेऊन १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. रात्रीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी कामाठी बागेत वेळ काढला. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी सत्याग्रह परिषद भरली, तेव्हाही मंडपासाठी जागा मिळेना. शेवटी एका मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली आणि तेथे मंडप उभा राहिला. पाण्याची लढाई लढायलाही आधी उभे राहायला जमीन आणि डोक्यावर कनात लागते, हे तेव्हापासून आपल्या समाजाला ठाऊक आहे.

वर्गणी आणि हिशेब

डिसेंबर २०२३ मध्ये चैत्यभूमीहून परतल्यावर रविवारच्या बैठकीत विषय निघाला. बारा घरांनी दरमहा अडीचशे रुपये द्यायचे ठरले. महिन्याला तीन हजार, सप्टेंबरअखेर दहा महिन्यांत तीस हजार. कोणी एकरकमी दिले नाहीत आणि कोणाचा हप्ताही बुडाला नाही. सफाई खात्यात काम करणाऱ्या आमच्या एका भगिनीचा पगार दोन महिने अडकला होता, तेव्हा तिने पन्नास-पन्नास करून भरले. वही आमच्याकडे होती. कारकुनी करून आमचे आयुष्य गेले, पण या वहीतले आकडे लिहिताना हात जरा जपूनच चालत होता. अशा पैशांचा तंबू पहिल्या पावसात गळला तर वहीत ते कोणत्या खात्यावर लिहायचे?

प्रथम आमच्यापैकी बहुतेकांचे मत एकच मोठा, आठ जणांचा तंबू घ्यावा आणि सोबत एक लहान घ्यावा, असे होते. माणशी किंमत कमी पडत होती. पण फिटर काकांनी विचारले, "हा उचलणार कोण?" मोठा तंबू बारा-चौदा किलोंच्या घरात जातो. तो गाडीने जाणाऱ्यांसाठी ठीक. घाट चढायचा तर एकाच्या पाठीवर तो मावत नाही, दोघांत नीट वाटता येत नाही आणि डोंगरावर तेवढी मोठी सपाट जागाही सहसा मिळत नाही. शिवाय एक दांडा मोडला की आठही जण उघड्यावर. म्हणून तीन माणसांचा एक, असे चार तंबू घ्यायचे ठरले.

दुकानात काय पाहिले

दुकानात जाताना आम्ही तीन गोष्टी बरोबर नेल्या. भंगाराच्या दुकानातून मागून आणलेला ताणकाटा, एक मोजपट्टी आणि आमच्या शिवणकाम करणाऱ्या ताई. यात सर्वांत जास्त उपयोग ताईंचाच झाला.

काट्याचा उपयोग असा. तंबूच्या चिठ्ठीवर जे वजन छापलेले असते ते पुष्कळदा नुसते कापड आणि दांडे यांचे असते. खुंट्या, तणावे आणि पिशव्या त्यात धरलेल्या नसतात. आम्ही सगळे सामान पिशवीत भरून वजन केले. जो तंबू आम्ही घेतला तो सव्वातीन किलो भरला. चार तंबूंचे तेरा किलो, म्हणजे बारा जणांत माणशी किलोभराहून किंचित जास्त. एकाने बाहेरचे आवरण घ्यायचे, दुसऱ्याने आतला तंबू, तिसऱ्याने दांडे-खुंट्या. याहून हलके, दोन किलोंच्या आतले तंबूही तेथे होते, पण किंमत दुप्पट-तिप्पट आणि कापड इतके पातळ की काटेरी झुडपाला घासले तर फाटेल. वजन आणि पैसा यांचा मेळ आपल्या ऐपतीप्रमाणेच घातला पाहिजे. पाठीवरचे सगळे ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नसावे, हा अंदाज सर्वसाधारण माणसाला ठीक पडतो. साठ किलोंच्या माणसाने बारा किलो. त्यात पाणी, शिधा, अंथरूण-पांघरूण सगळे आले.

मोजपट्टीचा उपयोग असा. 'तीन माणसांचा' म्हणजे तीन माणसे खांद्याला खांदा लावून झोपतील एवढाच. सामानाला जागा नाही. आमच्या तंबूचा तळ सुमारे सात फूट लांब आणि सहा फूट रुंद आहे. उंच माणसाने दुकानातच आत आडवे होऊन पाहावे. लाजू नये. डोके आणि पाय कापडाला टेकले तर रात्री दोन्हीकडून ओले होतात.

आता ताईंची गोष्ट. दुकानदार कापडाचे कौतुक सांगत होता, तोवर ताईंनी बाहेरचे आवरण उलटे केले आणि शिवणीवर बोट फिरवले. त्या म्हणाल्या, "कापडातनं पाणी येत नाही, भोकातनं येतं. सुईनं पडलेली भोकं बुजवलीत का, ते दाखवा." खरेच, चांगल्या तंबूच्या शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. एका स्वस्त तंबूला ती छपराच्या मध्यावर होती, पण कोपऱ्यांत नव्हती. तो तेथेच बाद झाला. जेथे तणावे बांधायचे तेथे कापड दुहेरी आहे की नाही, चेन दोन्ही बाजूंनी सरकते की नाही, हेही ताईंनीच पाहिले.

कापड किती पाणी अडवते हे मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते. २००० लिहिले असेल तर त्या कापडावर दोन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी तोवर पाणी झिरपणार नाही, असा त्याचा अर्थ. छपराला पंधराशे-दोन हजार आणि आपल्या वजनाने जमिनीवर दाबल्या जाणाऱ्या तळाला तीन हजारांच्या आसपास असेल तर आपल्याकडच्या सरींना पुरते. भर पावसाळ्यात मात्र डोंगरावर तंबू घेऊन जाऊच नये.

तंबू एकपदरी की दुपदरी, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. एकपदरी तंबू हलका आणि स्वस्त असतो. पण झोपेत आपल्या श्वासातून जी वाफ निघते ती थंड कापडावर पाणी होऊन बसते आणि पहाटे अंगावर ठिबकते. लोक म्हणतात तंबू गळला. गळालेला नसतो, तो आपलाच श्वास असतो. दुपदरी तंबूत आत जाळीचा तंबू आणि बाहेर आवरण असते. मध्ये वारा खेळतो. वाफ जाळीतून बाहेर पडते आणि बाहेरच्या कापडावरून खाली ओघळते. डास-किडाही आत येत नाही. सह्याद्रीत फिरणाऱ्याने अर्धा किलो वजन जास्त सोसावे, पण दुपदरीच घ्यावा.

दांडे फायबरग्लासचे किंवा ॲल्युमिनियमचे असतात. फायबरचे स्वस्त आणि जड. ते चिरतात आणि त्यांची कुसळे हातात जातात. ॲल्युमिनियमचे हलके असतात आणि वाकले तरी बहुधा सरळ करता येतात. आम्हाला साडेसात हजारांच्या तंबूत ॲल्युमिनियमचे मिळाले. चार तंबूंचे बरोबर तीस हजार. शेवटची गोष्ट म्हणजे तंबू खुंट्यांशिवाय आपल्या दांड्यांवर उभा राहणारा असावा. काही हलके तंबू खुंट्या ताणल्याशिवाय उभेच राहत नाहीत. मऊ मातीत ते छान, पण आपल्या डोंगरांवर वीतभर मातीखाली काळा कातळ लागतो. तेथे खुंटी वाकते. दांड्यांवर उभा राहणारा तंबू तणावे दगडांना बांधून सुद्धा टिकतो.

आणल्यावर दोन रविवार आम्ही विहाराच्या अंगणात ते उभारून पाहिले. पहिल्या तंबूला चाळीस मिनिटे लागली. शेवटी कॉलेजच्या दोन मुलींनी बारा मिनिटांत एक उभा केला. ताईंनी नवऱ्याकडे पाहून म्हटले, "घर कोण उभं करतं, बघा."

नाणेघाट

शनिवारी पहाटे कल्याणहून मुरबाडमार्गे गाडीने निघालो. टोकावडे मागे टाकून वैशाखरे गावाजवळ उतरलो. तेथून नाणेघाटाची जुनी वाट चढते. कोकणातून जुन्नरकडे जाणारा हा सातवाहनकाळचा व्यापारी मार्ग. ठिकठिकाणी पायऱ्या अजून टिकून आहेत. सुमारे तीन तासांत आम्ही घाटमाथ्याच्या गुहेत पोचलो. वाटेत कोणाच्याही पिशवीची अदलाबदल करावी लागली नाही, हे वजन केल्याचे फळ.

गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख कोरलेला आहे. सातवाहन राणी नागनिकेचा तो मानतात. केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाणी यांची ती यादी आहे. त्यात आकडे कोरलेले आहेत आणि भारतातील सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. हिशेबाची वही लिहिणारा माणूस म्हणून आम्ही त्या आकड्यांपुढे बराच वेळ उभे राहिलो. खिंडीच्या वर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे सांगतात.

मुक्काम गुहेतच करावा, असा आग्रह मुलांनी धरला. आम्ही नाही म्हटले. ही स्मारके १९५८ च्या कायद्याने संरक्षित केली जातात. तेथे चूल पेटवणे, भिंतीला धूर लावणे, खडूने नावे लिहिणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय आपल्याच पूर्वजांच्या ठेव्याचा तो नाश आहे. लेणी आपली म्हणायची आणि तीच काळी करायची, हे आपल्याला शोभत नाही. उघड्या पठारावर तंबू लावणेही बरोबर नव्हते, कारण आभाळ भरून येत होते. विजेपासून तंबू अजिबात वाचवत नाही. म्हणून आम्ही घाटघरच्या बाजूला सखल भागात उतरलो.

जमीन मागितली, ओटी नव्हे

एका शेताच्या कडेला पडीक तुकडा दिसला. ओढ्याच्या पात्रापासून दूर, किंचित उंचवट्यावर, वर वाळके झाड नाही, अशी जागा पाहिली. मालक भात पाहायला आलेले होते. आम्ही रात्रीपुरती जागा मागितली. त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला, "कुठले तुम्ही? म्हणजे... कोण?" आम्ही म्हणालो, "कल्याणकडचे. आम्ही बौद्ध."

ते क्षणभर थांबले. बारा वर्षांपूर्वीची सतरंजी आम्हाला आठवली. मग ते म्हणाले, "लावा तंबू. भातात पाय टाकू नका, आणि चूल त्या दगडापाशी करा." एवढे बोलून ते गेले. त्यांच्या मनात काय होते, हे आम्हाला कळले नाही आणि ते शोधायची गरजही पडली नाही. घरात घ्या, भांडे द्या, अंथरूण द्या, असे आम्ही काही मागत नव्हतो. मोकळी जमीन मागत होतो. ज्याचे छप्पर त्याच्या पाठीवर असते त्याला मागावे लागते ते फार थोडे, आणि थोडे मागणाऱ्याची मान फार वाकत नाही. त्या दिवशी कळलेली ही गोष्ट आम्हाला मोठी वाटली.

अंधार पडायच्या आत चारही तंबू उभे राहिले. दारे वाऱ्याच्या उलट दिशेला केली. सायंकाळी त्रिसरण-पंचशील घेऊन पिठले-भाकरी खाल्ली. चूल तंबूपासून वीस पावलांवर होती. तंबूत स्टोव्ह किंवा मेणबत्ती कधीही पेटवू नये. कापड क्षणात पेट घेते आणि बंद जागेतील विषारी वायूने झोपेतच माणूस जाऊ शकतो.

रात्री दहानंतर वारा सुटला आणि परतीच्या पावसाची सर आली. विजा दूर घाटाखाली चमकत होत्या. काकांनी बॅटरी घेऊन सगळे तणावे पुन्हा ताणले. भिजले की नायलॉनचे कापड सैल पडते आणि झोळ आला की पाणी साचते. एवढ्यात वरच्या माळावरून दोन तरुण धावत आले. त्यांचा तंबू खुंट्यांवर उभा राहणारा होता. कातळात खुंट्या नीट बसल्या नव्हत्या आणि वाऱ्याने तो आडवा झाला होता. दोघेही चिंब भिजलेले, थंडीने दात वाजत होते. काकांनी त्यांना फक्त एक गोष्ट विचारली, "कोरडे कपडे आहेत का?" नव्हते. आमच्यातील दोघांनी आपले शर्ट दिले, ओले कपडे बाहेर ठेवायला सांगितले आणि तीन माणसांच्या दोन तंबूंत चार-चार जण बसून राहिले. झोप कोणालाच लागली नाही. मग गप्पा झाल्या. लेण्यांच्या झाल्या, पगाराच्या झाल्या, क्रिकेटच्या झाल्या.

सकाळी ते निघाले तेव्हा एकाने फोन नंबर देताना आपले पूर्ण नाव सांगितले. तेव्हा आमच्या लक्षात आले की रात्रभर आम्ही त्यांना ते विचारलेच नव्हते. काका हसून एवढेच म्हणाले, "आपल्या ओटीवर तो रकाना ठेवला नाही, बरं झालं."

एका तंबूत मात्र सकाळी आरडाओरड झाली. मुलींच्या पांघरुणावर पाणी होते. त्यांनी थंडीमुळे वरची हवेची झरोकी बंद केली होती. श्वासाची वाफ आतच राहिली. दुपदरी तंबू घेऊनही झरोके बंद केले तर उपयोग नाही, हा धडा तीस हजारांत बसवून मिळाला.

जुन्नर

शेतमालक सकाळी आले. त्यांच्या आई बरोबर होत्या. आजींनी तंबू हाताने चाचपून पाहिला आणि "एवढ्याशा पिशवीत हे सगळं?" म्हणून आश्चर्य केले. आम्ही जागा झाडली, चुलीची राख पुरली, दगड जागच्या जागी ठेवले आणि जीपने जुन्नरला गेलो.

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री आणि पाडळीजवळची तुळजा लेणी. तुळजा येथील चैत्य गोल आहे आणि त्यात स्तूपाभोवती बारा खांबांचे कडे आहे. वेळेअभावी आम्ही मानमोडी आणि लेण्याद्री एवढेच केले. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गेल्यावर चैत्यगृह लागते आणि शेजारी खांब नसलेले विस्तीर्ण विहार-लेणे. तेथे आज गणपतीचे देवस्थान आहे आणि भाविकांची गर्दी असते. आमच्या मुलींनी गर्दीतून बाजूला होऊन भिंतीतल्या ओवऱ्या मोजल्या. हे भिक्खूंच्या राहण्याचे ठिकाण होते, एवढे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने भिक्खूसंघ एका ठिकाणी राहतो. तो वर्षावास. एरवी भिक्खूने चालत राहायचे, बहुजनांत जायचे. पावसात मात्र त्याला छप्पर हवे. ते छप्पर कोणी दिले, हे जुन्नरच्या भिंतींवर कोरलेले आहे. राजाच्या अमात्याचे दान आहे, परदेशी यवनांची दाने आहेत. एका यवनाने भोजनमंडप दिला, दुसऱ्याने पाण्याच्या दोन टाक्या. पण आम्हाला सर्वांत जवळचे वाटले ते कष्टकऱ्यांच्या श्रेणींचे लेख. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे आजच्या भाषेत कायम ठेव. आणि एका लेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले दान आहे. सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे एक टाके.

हे आम्ही मंडळींना सांगितले तेव्हा सफाई खात्यातील भगिनीने विचारले, "सगळ्यांनी वर्गणी काढून?" आम्ही म्हणालो, होय, श्रेणी म्हणजे धंदेवाल्यांचा संघच. ती म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच." घाटमाथ्यावर राणीच्या यज्ञांची यादी पाहून आलेली ही माणसे येथे, सात खोल्या आणि एक टाके एवढ्याशा ओळीपुढे, जास्त वेळ उभी राहिली. छप्पर आणि पाणी. ज्या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांना नाकारल्या गेल्या, त्याच दोन गोष्टी दोन हजार वर्षांपूर्वीच्या दाणेवाल्यांनी वर्गणी काढून वाटसरू भिक्खूंना दिल्या होत्या.

शेवटचे दोन शब्द

घरी आल्यावर आमच्याकडून एक चूक झाली. तंबू ओलेच पिशवीत भरले होते. ऑफिसच्या धांदलीत बुधवारपर्यंत उघडले नाहीत. कुबट वास आला आणि एका तंबूच्या कोपऱ्यात बुरशीचे ठिपके पडले. ओलसर ठेवलेल्या तंबूचा आतला लेप काही वर्षांत चिकट होऊन सुटतो. म्हणून घरी पोचताच, कितीही थकलेले असलात तरी, तो सावलीत पसरून पूर्ण वाळवा. साबण लावून घासू नका, नुसत्या पाण्याने पुसा. आता विहारातील एका खोलीत तारेवर तंबू टांगून ठेवलेले असतात आणि वहीत सही करून कोणतेही घर ते नेऊ शकते. भाडे नाही. अट एकच, वाळवून परत द्यायचा.

तंबूने जात जाते, असे आम्ही म्हणत नाही. ओटी नाकारणारे घर आजही आहे आणि त्याच्याशी कायद्याने, शिक्षणाने, संघटनेनेच झगडावे लागेल. तंबू त्या झगड्याला पर्याय नव्हे. पण ते घर उघडेल तेव्हा उघडेल, तोवर आपल्या मुलींनी आपल्या पूर्वजांची लेणी पाहायची थांबायचे कशाला? सव्वातीन किलोंचे छप्पर तिघांत वाटून घेतले तर माणशी किलोभर पडते. एवढे ओझे आपल्याला जड नाही.

पुढच्या सहलीत महाडच्या गांधारपाले लेण्यांचा बेत आहे. ज्या घरांत अजून रात्रीच्या मुक्कामाच्या भीतीने मुलींना पाठवत नाहीत, त्यांनी आपल्या जवळच्या विहारात वर्गणीची वही उघडावी. दोन तंबूंनी सुरुवात करावी. आणि उभारल्यावर, पावसात कोणी भिजत आले, तर त्याला आधी कोरडे कपडे आहेत का तेवढेच विचारावे.

जयभीम! नमो बुद्धाय!